‘२० मीटरच तर आहे ना?’ – थंड पाण्यातल्या जहाजाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी जेम्स ईगन लेन या बुडालेल्या जहाजावर लिहिलं होतं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला कॉर्नवॉलच्या किनाऱ्यालगत व्हिटसँड बे नावाचा उपसागर आहे, प्लिमथहून बोटीनं थोडंसंच अंतर, तिथे ते ८० वर्षं पडून आहे आणि इथला जवळजवळ प्रत्येक डायव्हर कधी ना कधी तिथे जाऊन आलेला असतो. त्या लेखानंतर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळी दुसरं काही न लिहिता त्यांचीच उत्तरं देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, मी गोव्यात ग्रँड आयलंडला आणि नंतर अंदमानात मिळून २२ डाइव्ह केल्यात, १८ मीटरपर्यंत गेलोय. आता नोकरीसाठी ब्रिस्टलला आलोय. इथले मित्र म्हणतात हे जहाज २०-२२ मीटरवरच तर आहे, सोपी डाइव्ह आहे. येत्या मे महिन्यात थेट गेलो तर चालेल का? – एक वाचक, ब्रिस्टल

दादा, जा, नक्की जा, पण मेमधे थेट नको.

तुमच्या २२ डाइव्ह वाया नाहीत, श्वास शांत ठेवणं, कान मोकळे करणं, बडीकडे, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराकडे, लक्ष ठेवणं हे इथेही तेच आहे. पण खोलीचा आकडा पटकन सांगता येतो म्हणून सगळे तोच विचारतात, आणि इथे खरी अडचण खोलीची नाहीच, थंडीची आहे आणि थंडीमुळे अंगावर जे काय काय चढवावं लागतं त्याची आहे. गोव्याकडे पाणी २६ ते २९ डिग्री, इथे मार्चमधे ८-९, मेमधे ११-१२ आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधे कसंबसं १६-१७. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट जोरात अंगातली ऊब ओढून नेतं, त्यामुळे १२ डिग्रीची हवा म्हणजे महाबळेश्वरची मस्त सकाळ आणि १२ डिग्रीचं पाणी म्हणजे पहिल्या मिनिटात धाप लागते, श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, तो आवरेपर्यंत खाली जायचंच नाही.

तुम्ही आजवर वेटसूट घातला असेल, इथे बहुतेक सगळे ड्रायसूट घालतात. आत जाड अंडरसूट, मानेला आणि मनगटांना घट्ट सील, आणि सूटच्या आत हवा. ही हवाच ऊब देते आणि हीच हवा घात पण करते. खाली जाताना दाबानं ती आकसते, सूट अंगाला करकचून आवळतो, म्हणून छातीवरचं बटन दाबून सिलिंडरमधली थोडी थोडी हवा आत घ्यायची, वर येताना तीच हवा फुगते ती दंडावरच्या व्हॉल्व्हमधून वेळेवर सोडायची. म्हणजे बीसीडी (तरंगणं सांभाळायला हवा भरायचं जॅकेट) एक आणि सूट एक, दोन फुगे सांभाळायचे. पाय वर आणि डोकं खाली झालं की सगळी हवा पायात जाऊन बसते, दंडावरचा व्हॉल्व्ह खाली राहतो, हवा सुटत नाही आणि माणूस उलटा वर फेकला जातो.

आणि हे उथळ पाण्यात जास्त होतं, कमी नाही. ३० मीटरवरून २०वर आलात तर अडकलेली हवा एक तृतीयांशानं वाढते, १० मीटरवरून वर आलात तर थेट दुप्पट. या जहाजाचा वरचा भाग ८ मीटरच्या आसपास आहे आणि डाइव्हचा शेवट बहुतेक जण तिथेच करतात, सिलिंडर हलका झालेला, बोटं गारठलेली, अशा वेळी. म्हणून ‘उथळ आहे म्हणजे सोपं आहे’ हे वाक्य मला अजिबात आवडत नाही.

माझं सांगते. मी देवगडची, लहानपण पाण्यात गेलं. या जहाजावरच्या माझ्या पहिल्या डाइव्हला बडीनं माझी पाठीवरची झिप ओढली आणि शेवटचं बोटभर अंतर राहून गेलं, मी ‘नीट बघ रे’ म्हटलं नाही. पाण्यात उतरल्यावर आधी काही कळलं नाही, मग ६ मीटरवर पाठीच्या कण्यावरून एक बारीक गार धार खाली सरकायला लागली, अगदी सुतासारखी बारीक, आणि कमरेपाशी साचत गेली. काही मिनिटांत बोटं वळेनात. हातात टॉर्च होता, त्याचं बटन मी दाबतेय की नाही हे हाताला समजत नव्हतं, डोळ्यांनी बघावं लागत होतं. तेव्हा कळलं की हवा सोडायचा व्हॉल्व्ह सुद्धा याच बोटांनी फिरवायचाय. अंगठा वर करून दाखवला, पाण्यात त्याचा अर्थ ‘वर चल’, दोघं वर आलो, ११ मिनिटांत डाइव्ह संपली. त्यानंतर आजपर्यंत झिप लावली की मी मागच्या माणसाला तिच्या टोकावर बोट ठेवून बघायला सांगते, दर वेळी.

तर तुमच्यासाठी असं करा. ड्रायसूटचा कोर्स करा, मग एखाद्या खाणीच्या तलावात ८-१० डाइव्ह काढा, जाड हातमोजे घालून क्लिप उघडणं, मास्क काढणं, व्हॉल्व्ह फिरवणं हे सगळं बिनधोक जमेपर्यंत. वजनाचा हिशोब नव्यानं बसवा, गोव्यात तुम्हाला ४ किलो पुरत असतील तर इथे १२ सुद्धा लागतील. आणि मे नको म्हणते त्याला अजून एक कारण आहे, वसंतात पाण्यात प्लँक्टन एकदम वाढतं, इथले डायव्हर त्याला ‘मे ब्लूम’च म्हणतात, पाणी वाटाण्याच्या सूपसारखं हिरवं होतं आणि पसरलेला हातही धूसर दिसतो. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमधे या, उधाणाचे दिवस टाळून भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असतो ते, दिवस धरा, आणि त्याआधी दोन-तीन दिवस नैर्ऋत्येचा वारा नसावा, कारण हा उपसागर त्याच बाजूला उघडा आहे आणि लाटा तळापर्यंत ढवळतात.

१२ लिटरचा सिलिंडर पुरेल का? अंदमानात मी ५५ मिनिटं राहायचो. – एक वाचक, मिल्टन कीन्स

हिशोब करून बघा. १२ लिटरच्या सिलिंडरमधे २३२ बार (बार हे दाबाचं माप) भरली तर २,७८४ लिटर हवा. त्यातली ५० बार, म्हणजे ६०० लिटर, हात लावायचा नाही. उरली २,१८४. थंडीत नवखा माणूस मिनिटाला २५ लिटर सहज ओढतो, २० मीटरवर दाब ३ बार म्हणजे ७५ लिटर. भागाकार केला तर २९ मिनिटं, आणि यातच वर येणं पण धरायचं, सूटमधे भरलेली हवाही याच सिलिंडरमधली. म्हणून इथे १५ लिटरचा घेतात आणि सोबत ३ लिटरचा छोटा वेगळा सिलिंडर, त्याला पोनी म्हणतात. ५५ मिनिटांचा नाद सोडा, इथे हवेआधी बोटं संपतात.

हे जहाज नेमकं कसलं होतं? त्यात माणसं मेली होती का? मेलेल्यांच्या जागी जाऊन फोटो काढणं मला बरोबर वाटत नाही. – एक वाचक, सांगली

काका, तुमचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला आणि उत्तर द्यायला बरंही वाटतंय, कारण या जहाजावर एकही माणूस दगावला नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या त्यापेक्षा वेगानं नवी बांधायची म्हणून अमेरिकेनं लिबर्टी जहाजं काढली, एकाच नकाशावरून २,७१० बांधली, सांधे रिव्हेटचे न ठेवता वेल्डिंगचे. जेम्स ईगन लेन त्यातलंच एक, न्यू ऑर्लीन्समधे बांधलं, डिसेंबर १९४४ मधे पाण्यात उतरवलं, लांबी १३५ मीटर. नाव ज्याचं दिलं तो एका तेलवाहू जहाजावरचा सेकंड इंजिनिअर, १९४२ मधे पाणबुडीच्या हल्ल्यात गेलेला. म्हणजे सेनापती नाही की मंत्री नाही, इंजिनरूममधला माणूस. मला हे फार आवडतं.

मार्च १९४५ मधे ते वेल्समधल्या बॅरी बंदरातून बेल्जियमच्या गेंटला निघालं होतं, अमेरिकन सैन्याच्या इंजिनिअर लोकांचं सामान घेऊन, साधारण ४,५०० टन. २१ मार्चला यू-११९५ या जर्मन पाणबुडीनं त्याच्या मागच्या भागात टॉर्पेडो मारला. लगेच बुडालं नाही. टग बोटींनी ओढत ओढत उथळ पाण्यात आणलं, वाळूवर टेकवून वाचवता येईल या आशेनं, पण ते तिथेच खाली बसलं, सरळ, नाळ म्हणजे पुढचं टोक किनाऱ्याकडे ओढल्यासारखं. कित्येक वर्षं त्याचे डोलखांब पाण्यावर दिसायचे. युद्ध युरोपात मेमधे संपलं, पण हे जहाज तोवर टिकलं नाही, पाण्यात उतरल्यापासून चार महिनेसुद्धा जगलं नाही. ती पाणबुडीही ७ एप्रिलला ब्रिटिश नौदलानं बुडवली आणि तिच्यातली मात्र बरीच माणसं गेली. १७ दिवसांचं अंतर.

आता तिथे काय आहे ते सांगते. बोयाच्या दोराला धरून हिरव्यात उतरायचं, आधी काहीच नाही, नुसता दोर आणि स्वतःचे बुडबुडे, मग एकदम खालून काळं काहीतरी वर येतं आणि तुम्ही जहाजाच्या नाळेसमोर असता, उंच, एखाद्या वाड्याच्या भिंतीएवढी. डेकचे पत्रे बहुतेक गळून गेलेत, बाजूच्या फासळ्या उभ्या आहेत, त्यांच्यामधून उजेड तिरका आत येतो आणि आत पोलॅक माशांचे थवे एकाच दिशेला तोंड करून थांबलेले असतात. लोखंड कुठे दिसतच नाही, त्याच्यावर पांढरी-नारिंगी समुद्रफुलं आणि बोटांसारखं दिसणारं पांढरं मऊ प्रवाळ, इंग्रजीत त्याला ‘मेलेल्या माणसाची बोटं’ म्हणतात पण दिसतं मात्र जिवंत आणि सुंदर. सामान ठेवायच्या भागात रेल्वेच्या वाघिणींची चाकं पडलीत. एका चाकाखाली वाम राहते, इथली वाम आपल्याकडच्यापेक्षा बरीच जाड असते, राखाडी तोंड बाहेर काढून टॉर्चकडे बघत बसते. मी दर वेळी तिला भेटून येते.

तुम्ही म्हणता ते मात्र खरंच आहे आणि जिथे माणसं गेलीत तिथे कायदाही आहे. ऑर्कनी बेटांजवळ स्कापा फ्लोमधे एचएमएस रॉयल ओक ऑक्टोबर १९३९ मधे बुडाली, ८०० हून जास्त खलाशी गेले, तिथे परवानगीशिवाय डाइव्ह करता येत नाही आणि करूही नये.

गेल्या हिवाळ्यात एका खाणीच्या तलावात ६ डिग्री पाण्यात माझा रेग्युलेटर अचानक सुटला, हवा थांबेचना. कसाबसा वर आलो. त्यानंतर पाण्यात जायची भीती बसलीय. माझं काय चुकलं? – एक वाचक, लीड्स

आधी हे सांगते की वर आलात, म्हणजे जे करायचं ते केलंत. भीती बसणं अगदी साहजिक आहे. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण, असं सुटलं की त्याला फ्रीफ्लो म्हणतात, आणि तो का होतो हे नीट समजलं की भीती बरीच कमी होते, माझी तरी झाली.

सिलिंडरमधली २०० बारची हवा रेग्युलेटरचा पहिला भाग एका झटक्यात आजूबाजूच्या पाण्यापेक्षा ९-१० बारनंच जास्त इतक्या दाबावर आणतो. हवा अशी एकदम पसरली की गार पडते, डिओचा स्प्रे मारल्यावर डबा हाताला गार लागतो ना, तसंच, पण कितीतरी जास्त, शून्याच्या बरंच खाली. गरम पाण्यात ही थंडी आजूबाजूचं पाणी शोषून घेतं, ६ डिग्रीच्या पाण्यात ते जमत नाही, आणि स्प्रिंगभोवतीच्या पाण्याचा बर्फ होतो. व्हॉल्व्ह उघडाच अडकतो. मग जास्त हवा वाहते, म्हणून जास्त गार, म्हणून जास्त बर्फ. तोंडातल्या भागात आपल्या श्वासाची वाफ गोठूनही हेच होतं.

आता काय काळजी घ्यायची. रेग्युलेटर थंड पाण्याचा असावा, युरोपात १० डिग्रीखाली चाचणी न झालेल्या रेग्युलेटरवर तसं लिहिलेलं असतं, ‘१० डिग्रीच्या वर’ असं, तुमच्यावर ते आहे का बघा, गरम देशातून आणलेला असेल तर मला तीच शंका आहे. बोटीवर किंवा काठावर गार हवेत उगाच त्यातून श्वास घेऊन बघू नका, पाण्यात तोंड घातल्यावरच घ्या. सूट आणि बीसीडी एकाच वेळी फुगवू नका, आणि लांब दाबून नाही, टिचक्यांनी, कारण सगळ्यांची हवा एकाच ठिकाणून येते आणि जितकी एका दमात ओढाल तितकं ते गारठतं. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग.

आणि तरीही झालंच तर, बडीला खूण करायची, त्याच्याकडचा जास्तीचा रेग्युलेटर किंवा तुमची पोनी तोंडात घ्यायची, आणि दोघांनी मिळून वर यायचं. ते मिळेपर्यंत सुटलेल्या रेग्युलेटरमधूनही श्वास घेता येतो, तो ओठांनी घट्ट बंद करायचा नाही, नळाखाली ओंजळ न धरता तोंड लावून पाणी पितो तसं कडेनं घ्यायचं. सिलिंडर दोन-चार मिनिटांत रिकामा होऊ शकतो, पण २० मीटरवरून नीट वर यायला तेवढी पुरतात. हे सगळं एखाद्या इन्स्ट्रक्टरबरोबर स्विमिंग पूलमधे पाच-सहा वेळा करा, मुद्दाम बटन दाबून. भीती वाचून जात नाही, हातानं करून जाते.

माझा मुलगा तीन वर्षांपासून इंग्लंडला आहे, आता हे नवीन खूळ. लहानपणी त्याला दमा होता, थंडी पडली की रात्र रात्र बसून काढायचा. आता म्हणतो ‘आई, कधीच बरा झालो’. मला झोप लागत नाही. मी उगाच काळजी करतेय का? – एक आई, कोल्हापूर

ताई, नाही, उगाच नाही करत आहात.

दमा असलेल्या सगळ्यांना डायव्हिंग बंद असं आता नाहीये, औषधानं नीट आटोक्यात असेल तर तपासणी करून परवानगी मिळते. पण इथल्या डायव्हिंगच्या डॉक्टरांचा नियम स्पष्ट आहे, ज्याला थंडीनं किंवा व्यायामानं दम लागतो त्यानं डाइव्ह करायची नाही. तुमच्या मुलाचं थंडीचंच होतं. सिलिंडरमधली हवा गार असते आणि एकदम कोरडी असते, म्हणजे ज्यानं त्याला त्रास व्हायचा तेच तो अर्धा तास छातीत ओढणार. दम्यात श्वासनळ्या आक्रसतात, फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकते, आणि वर येताना ती फुगते. वर ब्रिस्टलच्या वाचकांना लिहिलंय ना, १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना दुप्पट, ते सूटला जसं लागू तसंच फुप्फुसालाही. अडकलेल्या हवेला वाट नसेल तर फुप्फुस फाटतं आणि हवा रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोचू शकते.

कदाचित तो खरंच बरा झाला असेल. पण ते त्यानं ठरवायचं नाही, डायव्हिंगचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनं श्वासाची चाचणी करून ठरवायचं. इथे बहुतेक ठिकाणी प्रकृतीचा फॉर्म आपला आपणच भरायचा असतो, त्यात दम्याचा एक प्रश्न असतोच, आणि ‘लहानपणचं आहे, कुठे लिहायचं’ असं म्हणून खूप मुलं तिथे ‘नाही’ लिहितात. तुम्ही त्याला ओरडू नका, ‘बंद कर’ म्हणालात तर तो तुम्हाला सांगणं बंद करेल. नुसतं विचारा, फॉर्मवर काय लिहिलंस. आणि हे उत्तर त्याला पाठवा. प्लिमथमधेच डायव्हिंगच्या आजारांवर उपचार करणारं, प्रेशर चेंबर असलेलं मोठं केंद्र आहे, अशा ठिकाणच्या डॉक्टरांकडून तपासून घेता येतं. तपासणीत पास झाला तर मलाही लिहा, मला आनंद होईल. नाही झाला तर जहाजाच्या वरच्या पाण्यात बोटीवर बसून यायला कोणाची परवानगी लागत नाही.

मी ६१ वर्षांचा आहे, बीपीची गोळी चालू आहे, पोहणं चांगलं आहे. सुरू करायला उशीर झाला का? – एक वाचक, स्विंडन

काका, वय आडवं येत नाही, पण बीपीबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाण्यात पाय ठेवू नका. थंड पाण्यात हातापायांच्या शिरा आखडतात, पाण्याच्या दाबानं रक्त छातीकडे ढकललं जातं, आणि फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर इतका ताण येतो की काहींच्या फुप्फुसात पाणी झिरपतं. समुद्राचं नाही, अंगातलंच. बीपी असलेल्यांना याचा धोका जास्त. खोकला येतो, धाप लागते, छातीत घरघर होते, आणि माणसाला वाटतं रेग्युलेटर नीट चालत नाहीये. डाइव्हच्या आधी लिटरभर पाणी पिऊन किंवा छातीला आवळणारा सूट घालून ते वाढतं. असं कधीही वाटलं, तर डाइव्ह तिथेच थांबवायची, पाण्याबाहेर येऊन बसायचं, झोपायचं नाही, ऑक्सिजन घ्यायचा आणि दवाखाना गाठायचा. नंतर बरं वाटलं तरी डॉक्टरनं हो म्हटल्याशिवाय परत नाही.

जहाजावरून आठवण म्हणून एखादा छोटा तुकडा आणला तर? – दोन-तीन जणांनी विचारलंय

आणू नका. इथे १९९५ च्या मर्चंट शिपिंग कायद्याप्रमाणे बुडालेल्या जहाजावरून वर आणलेली कुठलीही वस्तू, बोल्ट असला तरी, २८ दिवसांच्या आत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या सरकारी अधिकाऱ्याला कळवावी लागते, लपवणं गुन्हा आहे. या भागात गुलाबी समुद्रपंखा वाढतो त्यालाही कायद्याचं संरक्षण आहे, पायातल्या फिन्सचा फटका बसला तरी तो मोडतो आणि तो वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतो. आणि कायदा सोडा, ज्या वाघिणीच्या चाकाखाली वाम बसते ते चाक माझ्या नंतर येणाऱ्यालाही दिसायला हवं.

ताई, मी मालवणात डाइव्ह गाईड आहे. आपल्याकडे नौदलातून निवृत्त झालेली गुलदार ही युद्धनौका निवती रॉकजवळ पाण्याखाली ठेवून तिथे डायव्हिंग सुरू करायची योजना आहे. तुमच्याकडे असं मुद्दाम बुडवलेलं जहाज आहे म्हणतात. आम्ही काय शिकावं? – एक वाचक, मालवण

भावा, हा प्रश्न वाचून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

हो, आहे, आणि जेम्स ईगन लेनच्या शेजारीच आहे. एचएमएस सिला, ११३ मीटर लांबीची फ्रिगेट जातीची युद्धनौका, प्लिमथच्याच डेव्हनपोर्ट गोदीत बांधलेली, १९९३ मधे नौदलातून निघाली, आणि प्लिमथच्या मत्स्यालयानं ती विकत घेऊन २७ मार्च २००४ रोजी स्फोटानं छिद्रं पाडून बुडवली, कृत्रिम रीफ म्हणून, म्हणजे समुद्रातल्या जीवांना राहायला जागा. त्याआधी तेल, वायरी, विषारी रंग असलं सगळं काढून साफ केली, बाजूचे पत्रे कापून डायव्हरना आत-बाहेर करता येईल अशी मोठी भोकं ठेवली. पहिल्याच उन्हाळ्यात शिंपले आणि समुद्रफुलं येऊन बसली, मासे तर लगेच आले. एकाच उपसागरात युद्धात बुडालेलं एक आणि हातानं बुडवलेलं एक, दोन्ही एका दिवसात बघता येतात, त्यामुळे गावातल्या बोटी, हॉटेलं, हवा भरायची दुकानं या सगळ्यांना काम मिळालं.

पण दुसरी बाजू पण सांगते. जहाज साफ करून भोकं पाडून दिलंय म्हणजे आत जायला सुरक्षित आहे असं लोकांनी धरलं, आणि सिलाच्या पोटात शिरलेले डायव्हर मेलेले आहेत. आत वर्षानुवर्षं बारीक गाळ साचत जातो, एका माणसाचे पाय हलले की तो उठतो आणि ज्या दारातून आलो ते दार दिसेनासं होतं. लोखंड गंजून आतले मजले खाली येतात, म्हणजे पहिल्या वर्षीचा नकाशा दहाव्या वर्षी खोटा ठरतो. तुमच्याकडे पाणी गरम आहे, लोक टी-शर्टवर उतरतात, त्यामुळे आत शिरायचा मोह इथल्यापेक्षा जास्तच होईल, आणि तुमच्याकडे येणारे पर्यटक बरेचसे आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात उतरणारे असतात. त्यांना बाहेरूनच दाखवा. आत जाणं फक्त ज्यांनी त्याचं वेगळं शिक्षण घेतलंय, सोबत मार्ग दाखवणारा दोर आहे आणि हवेचे तीन भाग करून एक आत जायला, एक बाहेर यायला, एक राखीव असा हिशोब आहे, त्यांच्यासाठीच. हा नियम पहिल्या दिवसापासून सगळ्या गाईडनी मिळून पाळला तरच टिकतो, एकानं मोडला की गिऱ्हाईक त्याच्याकडेच जातं.

दोन बारक्या गोष्टी. एक म्हणजे जाळी. बुडालेल्या जहाजावर मासे जमतात, माशांमागे जाळी आणि गळ येतात, आणि तुटलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, पाण्यात दिसत नाही. इथे आम्ही चाकू नाही, शिवणकामाच्या कातरीसारखं छोटं कटर दोन्ही हातांना पोचेल असं छातीवर लावतो, कारण एक हात अडकला तर दुसऱ्यानं काढता आलं पाहिजे. मच्छीमारांशी आधीच बसून बोला, तेही आपलेच आहेत आणि त्यांचं जाळं गेलं तर नुकसान त्यांचंच आहे. दुसरी म्हणजे नांगर. प्रत्येक होडीनं आपापला नांगर टाकला तर दोन मोसमांत वरचं सगळं खरवडून निघेल. जहाजाच्या दोन टोकांना दोन कायमचे बोये बसवून घ्या, होड्या त्यालाच बांधायच्या आणि उतरायचं-चढायचं त्याच दोरावरून. पावसाळ्याआधी ते काढून ठेवायला लागतील, आणि गणपतीनंतर परत लावताना साखळीची प्रत्येक कडी हातानं तपासून घ्या, इथे हिवाळ्यातल्या एका वादळात कड्या अंगठ्याएवढ्या होत्या त्या करंगळीएवढ्या झिजलेल्या मी स्वतः बघितल्यात.